सोफा दारात अडला, केक मधोमध बसला

ताई, नमस्कार. मार्चमध्ये आम्ही बदलापूरला स्वतःच्या वन बीएचकेत राहायला आलो, पाचव्या मजल्यावर. मागच्या पंधरवड्यात हौसेने तीन सीटर सोफा घेतला, सात फुटी, ३८ हजारांचा. दुकानात तो बेताचाच वाटला होता. लिफ्टमध्ये मावला नाही म्हणून हमालांनी जिन्याने वर आणला, पण आमच्या दारातून आत जाईना. दार उघडलं की समोर तीन फुटांवर बाथरूमची भिंत आहे. शेवटी तो खाली नेऊन मीटर रूमजवळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलाय. सोसायटीचा गणपती तिथेच बसतो, त्यामुळे सेक्रेटरींनी दहा दिवसांत हलवायला सांगितलंय. दुकानदार बिलावरची ओळ दाखवतो, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. नवरा म्हणतो, पसंती तुझीच होती. त्यातच गणपतीनंतर सासऱ्यांची पंचाहत्तरी आहे. ते राजापूरकडचे. घरी ओव्हन नाही म्हणून कुकरमध्ये केक करून पाहिला. दोन्ही वेळा मधोमध खड्डा, खालून करपलेला आणि चव साबणासारखी. व्हिडिओत सांगितलं तसंच केलं होतं, फक्त कप नव्हता म्हणून आमटीची वाटी घेतली. सासूबाई म्हणाल्या, ‘राहू दे, विकतचा आणू.’ डायनिंग टेबल घ्यायचं होतं, आता त्याचीही भीती वाटते. सोफा तोट्यात विकून टाकू का? आणि मला घर लावायला जमतच नाही का?
– एक वाचक, बदलापूर

प्रिय मैत्रीण,

सोफा विकू नका. जो सोफा अजून नीट मोजलेलाच नाही, तो विकायची घाई कशाला? पण एक काम आज संध्याकाळीच करा. तो मीटर रूमजवळून हलवा. सोफ्यातला फोम आणि वरचं प्लास्टिक पटकन पेट घेतं आणि त्याचा धूर फार वाईट असतो. विजेच्या मीटरशेजारी तो एक रात्रही ठेवू नये. सेक्रेटरींना स्वतः भेटा, नवऱ्यालाही सोबत न्या, आणि पार्किंगमधली एखादी कोरडी, कुणाच्या वाटेत न येणारी जागा आठवडाभरासाठी मागा. आपणहून गेलं की माणसं सहसा अडून बसत नाहीत. दुसरं म्हणजे दिवस पावसाळ्याचे आहेत आणि गाव तुमचं बदलापूर. २००५ आणि २०१९ च्या जुलैत उल्हास नदीचं पाणी कुठवर आलं होतं ते तिथल्या जुन्या रहिवाशांना विचारा. एवढा पूर दर वर्षी येत नाही, पण तळमजल्यावरची ओल दर वर्षी येते. ओल धरलेला प्लाय फुगतो आणि प्लास्टिकच्या आत कापडाला बुरशी धरते. म्हणून सोफा चार विटांवर उचलून ठेवा आणि प्लास्टिक खालून मोकळं सोडा, म्हणजे हवा खेळेल.

आता मापाकडे येऊ. रविवारी दोघांनी मिळून टेप घ्या. एकाने धरायची, दुसऱ्याने लिहायचं. ‘पसंती तुझीच होती’ या वाक्याचं आपण रविवारीच बघू, पण टेप हातात असताना ते बोलायचं नाही एवढं आधी ठरवा.

तुम्ही लिहिलंय की सोफा दारातून जात नाही. तो नेमका कुठे अडतो ते कळलं पाहिजे. माझा अंदाज सांगते. तुमच्या मुख्य दाराची रुंदी आड येत नाहीये. फ्लॅटचं मुख्य दार सव्वातीन-साडेतीन फुटी असतं आणि सोफ्याची पुढून मागे खोली साधारण ३४ ते ३६ इंच, म्हणजे तीन फुटांच्या आतबाहेर. तो आत शिरू शकतो, पण शिरल्यावर त्याला वळायला जागा नाही, कारण समोर तीन फुटांवर भिंत. मग हमाल काय करतात? सोफा उभा करतात, त्याच्या बाजूच्या एका हातावर (आर्मरेस्टवर). उभा केलेला सोफा भिंतीला न लागता वळतो. पण तुमचा सोफा सात फूट, म्हणजे ८४ इंच, आणि चौकटीच्या आतली उंची बहुतेक घरांत ८० ते ८२ इंचच भरते. अडलाय तो या दोन-चार इंचांवर. लिफ्टचंही तसंच. सहा माणसांच्या लिफ्टचं दार साधारण ७० सेंटिमीटर उघडतं, आठ माणसांच्या लिफ्टचं ८०. तुमच्या सोफ्याची खोली ८६ ते ९१ सेंटिमीटर. त्यामुळे लिफ्टचा विचार सोडून द्या, जिनाच बरा.

हे दोन-चार इंच काढता येतात. सोफा पालथा घाला. खाली काळं पातळ कापड स्टेपलच्या पिनांनी ठोकलेलं दिसेल. त्याचा एक कोपरा उचकटून टॉर्चने आत पाहा. बऱ्याच सोफ्यांचे हात मधल्या सांगाड्याला बोल्टने जोडलेले असतात, दोन पुढे, दोन मागे. बोल्ट दिसले तर तुमचं काम निम्मं झालं. एक हात निघाला की आठ-नऊ इंच गेले, आणि सात फुटी सोफा सव्वासहा फुटांवर आला. मग तो उभाच्या उभा, पाठ पुढे करून, चौकटीतून आत वळवता येतो. बोल्टऐवजी खिळे आणि डिंक असेल तर घरच्या घरी हात घालू नका. सोफा बनवणारा कारागीर बोलवा. ही मंडळी कापड अलगद सोडवतात, हात कापून वेगळा करतात आणि आत नेल्यावर आतून पट्टी देऊन पुन्हा जोडतात. हे त्यांचं नेहमीचं काम आहे. उल्हासनगरचा फर्निचर बाजार तुमच्यापासून लोकलने जवळ आहे, तिथे असे कारागीर मिळतील. मजुरी किती ते आधी ठरवून घ्या. विकलात तर जो तोटा होईल त्याच्यापुढे ती किरकोळ असेल.

त्या दिवशी सेफ्टी डोअर आणि आतलं लाकडी दार, दोन्ही बिजागऱ्यांतून उतरवा. उघडं दारसुद्धा चौकटीतली इंच-दीड इंच जागा खातं. सोफ्याचे पाय फिरवून काढा. जिन्याच्या प्रत्येक वळणावर वरच्या स्लॅबपर्यंतची उंचीही मोजून ठेवा. हमाल एकदा वर आणू शकले म्हणजे जिना पुरतो, पण मोजलेलं बरं. कुणी सुचवेल की बाल्कनीतून दोरीने ओढून घेऊ. पाचव्या मजल्यावर हे करू नका. खाली मुलं खेळतात.

दुकानदाराच्या त्या छापील ओळीबद्दल दोन गोष्टी स्पष्ट सांगते, कारण यात दोन्ही बाजूंनी गैरसमज असतात. ती ओळ दाखवून तो सदोष माल तुमच्या गळ्यात मारू शकत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांची मुदत धरली जाते. पण तुमचा सोफा सदोष नाही. तो तुमच्या दारातून जात नाही, हा काही मालातला दोष नव्हे. त्यामुळे नुसतं ‘परत घ्या’ म्हणून कायदा तुमच्या बाजूने उभा राहणार नाही, आणि हे मी आज सांगितलेलं बरं.

तरीही बिल पुन्हा वाचा. त्यावर ‘होम डिलिव्हरी’, ‘घरपोच’, ‘फिटिंगसह’ असं काही आहे का? घेताना त्याने ‘पाचव्या मजल्यावर बसवून देऊ’ असं व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं का? असेल, तर काम अर्धवट राहिलंय ते त्याचं, आणि हात सोडवून आत बसवून द्यायला त्याचाच कारागीर आला पाहिजे. हे त्याला भांडून सांगू नका, लिहून पाठवा, तारखेसह. बहुतेक दुकानदार इथे ऐकतात, कारण त्यांच्याकडे माणूस असतोच. एवढं करून तो बधलाच नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, दुकान कुठेही असो. पण माझं मत विचाराल तर आधी बोल्ट बघा.

आता केक. तुमच्या पत्रातलं एक छोटं वाक्य वाचून मी थांबले, ‘फक्त कप नव्हता म्हणून आमटीची वाटी घेतली’. खड्डा पडतो तो इथेच.

बेकिंगमधला कप साधारण २४० मिलिलिटरचा असतो. आमटीची वाटी बहुतेक घरांत दीडशेच्या आसपास. तुमची केवढी आहे ते असं बघा. दुधाची अर्धा लिटरची पिशवी वाटीवाटीने मोजा. कप असता तर दोन भरून थोडं उरलं असतं. वाट्या तीन-सव्वातीन भरल्या, तर तुमची वाटी व्हिडिओतल्या कपाच्या जेमतेम दोन तृतीयांशाएवढी आहे. आता मैदा, साखर, दही सगळं वाटीनेच घेतलंत तर त्यांचं एकमेकांशी प्रमाण बरोबरच राहिलं. पण सोडा? तो व्हिडिओत अर्धा चमचा सांगितला असेल, तर तुम्ही अर्धा चमचाच घातला असणार. मैदा कमी झाला, सोडा तेवढाच राहिला. शिवाय व्हिडिओतला चमचा पाच मिलिलिटरचा, आणि आपल्याकडे चमचा म्हटलं की हातात येतो पोह्यांचा, तो जवळजवळ दुप्पट. म्हणजे तुमच्या केकमध्ये लागतो त्याच्या अडीच-तीनपट सोडा गेला असणार.

सोड्याचं दह्यातल्या आंबटाशी जमतं आणि वायूचे बुडबुडे सुटतात. ते बेताचे असले तर पीठ शिजून घट्ट होईपर्यंत टिकतात. भरमसाट झाले की एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि केक वर येऊन, आतून कच्चा असतानाच फुटतात. कडा डब्याला लागून आधी शिजलेल्या असतात म्हणून त्या उभ्या राहतात. मधलं पीठ शेवटी शिजतं म्हणून खड्डा मधोमध. दह्याला पुरून उरलेला सोडा तसाच राहतो, तुम्हाला साबणाची चव लागली ती त्याची. ओव्हन नसल्याचा यात काहीच दोष नव्हता, आणि हाताचाही नव्हता. लहान मुलांच्या औषधाच्या बाटलीवर पाच मिलिलिटरची खूण असलेलं टोपण येतं. पुढच्या वेळी धुऊन ते चमचा म्हणून वापरा. वाटी लहान असेल तर सोडाही त्याच हिशोबात कमी करा. पीठ कालवल्यावर ठेवून द्यायचं नाही, भांडं आधी तापवून तयार ठेवायचं. सोड्याच्या जागी इनो घालणार असाल तर तो अगदी शेवटी, कारण तो ओला होताच फसफसतो.

करपण्याचं कारण वेगळं आहे. कुकर हे पाण्याच्या वाफेचं भांडं. कोरडा तापवला की त्याचा तळ भडकतो, आणि वरणभाताच्या कुकरचं नुकसान होतं ते निराळंच. जाड बुडाचं मोठं पातेलं घ्या. ते लोखंडी तव्यावर ठेवा, आत दीड-दोन वाट्या जाडं मीठ पसरा, त्यावर स्टीलची रिंग आणि रिंगवर केकचा डबा. डबा मिठाला टेकता कामा नये. दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवून मग डबा आत, आणि पुढची चाळीस-पन्नास मिनिटं लहान बर्नरवर, मंद आचेवर. पहिला अर्धा तास झाकण उचलायचं नाही. उचललंत की आतली ऊब जाते आणि बुडबुडे तिथेच बसतात.

इतकं सगळं सांगून झाल्यावर माझा खरा सल्ला असा की पंचाहत्तरीला स्पंज केक करूच नका. राजापूरच्या माणसासाठी तवसळी करा.

कुणी तिला धोंडस म्हणतं, कुणी काकडीचा केक. गणपतीच्या सुमारास तवसं, म्हणजे मोठ्या निबर काकड्या, बाजारात येतात, आणि सासरे गणपतीला गावी जात असतील तर येताना त्यांच्याकडूनच एक मागवा. ओव्हन घरात येण्याच्या कितीतरी आधीपासून कोकणात खाली चूल आणि वर झाकणावर निखारे ठेवून भाजायची पद्धत आहे. भानोळ्यासारखा तिखट पदार्थ असाच होतो, तवसळीही अशीच. तुम्ही जे जुगाड समजून लाजताय, ती तुमच्या सासरची जुनी पद्धत आहे.

तवसं सोलून, बिया काढून किसा. किस दोन वाट्या. त्याचं पाणी टाकू नका. एक वाटी जाड रवा, तांदळाचा असेल तर उत्तमच, चमचाभर तुपावर खमंग भाजून घ्या. पाऊण वाटी चिरलेला गूळ किसात घालून पातेल्यात गरम करा, गूळ विरघळला की रवा, अर्धी वाटी ओलं खोबरं, किंचित मीठ, वेलची, हवी तर काजूची पाकळी. हळद चिमूटभर, रंग छान येतो. मंद आचेवर ढवळत रहा. मिश्रण कडेने सुटायला लागलं की गॅस बंद करून वीस मिनिटं झाकून ठेवा, रवा फुगू द्या. मग जाड बुडाच्या भांड्याला सढळ हाताने तूप लावा, मिळालं तर हळदीचं पान तळाशी अंथरा आणि मिश्रण थापून बसवा. भांडं तव्यावर, आच मंद. वरच्या बाजूला निखारे कुठून आणणार? दुसरा लोखंडी तवा दुसऱ्या शेगडीवर चांगला तापवा आणि झाकणाच्या जागी ठेवा, थंड झाला की पुन्हा तापवा. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत कडा तांबूस होतात आणि सुरी स्वच्छ निघते. इथे सोडा नाही, फुगणं नाही, त्यामुळे बसण्याचाही प्रश्न नाही. कोणत्याही वाटीने करा, सगळं एकाच वाटीने घेतलं की झालं. फक्त पूर्ण गार झाल्याशिवाय कापायची नाही. आदल्या दिवशी करून ठेवलीत तर जास्त चांगली लागते.

पण एकदा आधी करून बघा, आणि ते करताना सासूबाईंना स्वयंपाकघरात बोलवा. ‘विकतचा आणू’ हे तुम्हाला टोचलं, ते समजतं. पण दोन केक करपलेले पाहिल्यावर सुनेची दगदग वाचवायला म्हणूनही कुणी तसं म्हणतं. त्यांचा स्वर मी ऐकलेला नाही, तुम्ही ऐकलाय. तरी मी त्यांना बोलवायला सांगते याचं कारण साधं आहे. वरच्या आचेचा अंदाज कागदावर देता येत नाही, आणि त्यांनी तवसळी आयुष्यभर पाहिलेली असणार. तवा किती तापला म्हणजे पुरे, हे त्या नुसत्या हात वर धरून सांगतील.

नवऱ्याचं ते वाक्य राहिलं. दुकानात तुम्ही दोघं होतात, पैसे घरातून गेले आणि दार दोघांपैकी कुणीच मोजलं नव्हतं. हे त्यांना रागाने सांगायची गरज नाही, पण सांगा जरूर. सोफा आत आल्यावर सांगितलंत तर शांतपणे ऐकतील. तुम्ही मात्र ‘मला घर लावायला जमत नाही’ हे वाक्य मनातूनसुद्धा काढून टाका. एक लहान वाटी आणि दोन-चार इंच, एवढ्यावर कुणी स्वतःबद्दल असा निकाल लावू नये. मला हे वाचून वाईट वाटलं.

डायनिंग टेबल घ्या की, पण दसऱ्याच्या आधी नको. दुकानातली खोली पन्नास-साठ फूट लांब आणि छत उंच, तिथे सगळंच फर्निचर बेताचं दिसतं, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. चार जणांचं टेबल साधारण चार फूट बाय अडीच फूट असतं. तेवढ्या मापात जुने पेपर हॉलमध्ये जमिनीवर चिकटपट्टीने चिकटवा. चारही बाजूंनी खुर्ची मागे ओढून माणूस उठायला अडीच फूट जागा लागते, तेवढ्या अंतरावर खडूची रेघ मारा. सोफा जिथे ठेवणार तिथेही तसंच करा. आठवडाभर पेपर तसेच राहू द्या आणि त्यांच्याभोवतीनेच वावरा. केर काढताना, बाल्कनीत कपडे वाळत घालायला जाताना, रात्री पाणी प्यायला उठताना. पेपरवर पाय पडत राहिला तर भिंतीला लावायचं घडीचं टेबल घ्या. सुतार ते प्लायमध्ये करून देतो, आणि त्याला माप घ्यायला घरीच बोलवा.